इंटरव्ह्यू संपल्यावर मी फॉर्ममध्ये काय लिहिते

इंटरव्ह्यूचा कॉल कट झाला की माझ्यासमोर उमेदवाराबद्दलचा एक फॉर्म उघडतो. प्रॉब्लेम नीट समजून घेतला का, कोड कसा लिहिला, स्वतःच्या चुका स्वतः शोधल्या का, बोलणं कळत होतं का, आणि शेवटी घ्यायचं की नाही. शेवटच्या रकान्यात 'काठावर' असा पर्याय मुद्दाम ठेवलेला नाही. प्रत्येक रकान्याखाली पुरावा लिहावा लागतो. 'मुलगा हुशार वाटला' एवढंच लिहून सोडलं की हायरिंग मॅनेजरचा मेसेज येतो: कशावरून?

मी पुण्यात खराडीला पेमेंट्सची कामं करणाऱ्या एका कंपनीत बॅकएंडची, म्हणजे ॲपच्या मागे सर्व्हरवर चालणारं सॉफ्टवेअर लिहिणारी टीम सांभाळते आणि आठवड्यातून एक-दोन इंटरव्ह्यू घेते. हे लिहितेय ते मुख्यतः दोन ते सहा वर्षं सर्व्हिस कंपनीत (दुसऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करून देणाऱ्या) काढून आता प्रॉडक्ट कंपनीत (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) स्विच मारू पाहणाऱ्यांसाठी. कॉलेज कॅम्पसमधल्या भरतीचं गणित वेगळं असतं, त्यात मी पडत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा. तुम्हाला घ्यायचं की नाही हे ठरवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तुम्हाला पाहिलेलंही नसतं. गुगलमध्ये तर ही रीत उघडच आहे: इंटरव्ह्यू घेणारे लेखी अभिप्राय देतात आणि उमेदवाराला कधी न भेटलेली समिती ते वाचून निर्णय घेते. ॲमेझॉनमध्ये 'बार रेझर' म्हणून एक जण असतो. तो त्या टीमचा नसतो, पण नकार द्यायचा अधिकार त्याच्याकडे असतो. छोट्या कंपन्यांत एवढी शिस्त नसते, पण तिथेही संध्याकाळी चार लोक एका कॉलवर बसतात आणि ज्याने इंटरव्ह्यू घेतला तो तुमची बाजू मांडतो. त्याला मांडता येतील अशी वाक्यं तुम्ही पुरवायची असतात. पुढचं सगळं त्याबद्दलच आहे.

रेझ्युमे

एक पान. सहा वर्षांच्या अनुभवाला दुसरं पान लागत नाही. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, 'मी जाहीर करतो की वरील माहिती सत्य आहे' आणि खाली सही, हे सगळं काढा.

'रिस्पॉन्सिबल फॉर डेव्हलपमेंट अँड सपोर्ट' ही ओळ मी इतक्या वेळा वाचली आहे की आता ती डोळ्यांना दिसतच नाही. तिच्याऐवजी काय केलं, कसं केलं आणि काय फरक पडला हे एका वाक्यात बसवा. उदाहरणार्थ: रात्री चालणारा सेटलमेंटचा (दिवसभराच्या व्यवहारांचे पैसे चुकते करणारा) जॉब ४ तासांवरून ३५ मिनिटांवर आणला, कारण एकेक ओळ डेटाबेसमध्ये टाकण्याऐवजी हजार-हजारच्या बॅचमध्ये टाकली. हे वाचलं की माझ्या डोक्यात लगेच प्रश्न उभा राहतो: हजारच का? बॅचमधली एक ओळ फेल झाली तर बाकीच्या ९९९ चं काय केलंत? ज्याने ते काम खरंच केलंय त्याला हा प्रश्न म्हणजे फुलटॉस.

उलट बाजूही तेवढीच खरी. रेझ्युमेवर लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे 'यावर विचारा' असं आमंत्रण. काफ्का (सिस्टमच्या एका भागाकडून दुसऱ्याकडे मेसेज पोचवणारं सॉफ्टवेअर) लिहिलंत तर मी विचारणार, एकाच ग्राहकाचे दोन मेसेज उलट क्रमाने प्रोसेस होऊ नयेत म्हणून काय केलं? काफ्का क्रमाची हमी फक्त एका पार्टिशनच्या, म्हणजे मेसेजच्या एका रांगेच्या आत देतो. म्हणून ग्राहकाचा आयडी मेसेजची 'की' (key) म्हणून वापरायचा, म्हणजे त्याचे सगळे मेसेज एकाच पार्टिशनमध्ये जातात. हे माहीत नसेल तर काफ्का खोडा, किंवा शनिवारी बसून शिका. कौशल्यांच्या यादीत २० नावं असण्यापेक्षा, ज्यांवर अर्धा तास बोलता येईल अशी सात असलेली बरी.

अर्ज टाकण्यापेक्षा रेफरल, म्हणजे त्या कंपनीतल्या माणसाने केलेली शिफारस, केव्हाही चांगला. पण रेफरल मागताना लिंक्डइनवर 'हाय सर' पाठवून उत्तराची वाट पाहत बसू नका. पहिल्याच मेसेजमध्ये जॉब आयडी, तुमचा अनुभव तीन ओळींत आणि रेझ्युमेची पीडीएफ असं सगळं द्या. समोरच्याला फक्त पोर्टलवर चढवायचं काम उरलं की तो लगेच करून मोकळा होतो. रेफरल बोनस त्यालाही हवाच असतो.

रिक्रूटरचा फोन आणि ऑनलाइन टेस्ट

फोनवर तीन गोष्टी विचारतात: सध्याचा सीटीसी (कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च), अपेक्षा आणि नोटिस पिरियड. पहिल्याच फोनवर अपेक्षेचा आकडा सांगायची घाई करू नका. 'या रोलसाठी तुमची रेंज काय आहे?' असं सरळ विचारा. बऱ्याच रिक्रूटर सांगून टाकतात. याच फोनवर किती राउंड आहेत, कशाचे आहेत आणि कोणत्या भाषेत कोड लिहायचा हेही विचारून घ्या. हे विचारणाऱ्याबद्दल कुणाचंही मत वाईट होत नाही, तरी निम्मे लोक विचारत नाहीत आणि मग डिझाइन राउंडला डीएसए (डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम) घोटून येतात.

ऑनलाइन टेस्ट हॅकररँकसारख्या ठिकाणी असते, कॅमेरा चालू. तिथे एकच सल्ला: प्रश्नाच्या तळाशी दिलेल्या मर्यादा आधी वाचा. एन, म्हणजे इनपुटमधल्या नोंदींची संख्या, जर १ लाखापर्यंत असेल तर एनचा वर्ग होतो १००० कोटी, आणि कॉम्प्युटर सेकंदाला ढोबळमानाने १० कोटी साध्या क्रिया करतो असं धरून चालायचं. म्हणजे दोन लूप एकात एक घातले की लपवलेल्या टेस्ट केसेस फेल जाणार, हे कोड लिहिण्याआधीच कळतं. बेरीज मोठी होणार असेल तर ३२ बिटांचा इंट (पूर्णांक) २१४ कोटींच्या पुढे जात नाही, हेही तिथेच आठवा.

कोडिंग राउंड

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच गळतात, आणि येत नाही म्हणून गळणारी त्यात कमीच असतात.

मी बरेचदा विचारते तो प्रश्न असा. एका स्टेशनवर दिवसभरात येणाऱ्या गाड्यांच्या येण्याच्या आणि सुटण्याच्या वेळा दिल्या आहेत. एकही गाडी बाहेर सिग्नलला ताटकळत ठेवायची नाही. तर कमीत कमी किती प्लॅटफॉर्म लागतील? प्रश्न जुना आहे, नेटवर शंभर ठिकाणी उत्तर सापडेल. तरी विचारते, कारण उत्तर पाठ करून आलेला आणि विचार करणारा यांच्यातला फरक पाच मिनिटांत कळतो.

समजा गाड्या चार आहेत. पहिली ९:०० ला येते, ९:४० ला सुटते. दुसरी ९:२० ते १०:१०. तिसरी ९:४० ते १०:००. चौथी १०:०५ ते १०:३०.

पाठांतरवाला म्हणतो, 'ओके, दोन्ही ॲरे (याद्या) सॉर्ट करायचे,' आणि टाइप करायला लागतो. दुसरा आधी विचारतो, 'पहिली गाडी ९:४० ला सुटते आणि तिसरी ९:४० लाच येते. तोच प्लॅटफॉर्म चालेल का?' झालं! माझ्या फॉर्मचा पहिला रकाना तिथेच भरला. कारण चालत असेल तर उत्तर २, चालत नसेल तर ३. अख्खा प्रश्न त्या एका शंकेवर उभा आहे आणि मी ती मुद्दाम सांगितलेली नसते. आणखी विचारण्यासारखं: रात्री १२ च्या पुढे थांबणारी गाडी असू शकते का, वेळा क्रमाने दिल्यात का, गाड्या साधारण किती. दोन-तीन प्रश्न पुरेत. दहा विचारलेत तर वेळ काढताय असं वाटतं.

मग सरळ उत्तर आधी तोंडी सांगा, ढोबळ असलं तरी. 'प्लॅटफॉर्मची गरज वाढते ती फक्त गाडी येते त्या क्षणी. म्हणून प्रत्येक गाडी येते तेव्हा आधीच्या किती उभ्या आहेत ते मोजायचं. हे एनच्या वर्गात जातं, लाख गाड्यांना चालणार नाही.' हे ३० सेकंदांचं बोलणं अनेक जण गिळून टाकतात, कारण त्यांना वाटतं ढोबळ उत्तर सांगितलं की इम्प्रेशन डाउन होतं. होतं उलटंच. पुढे वेळ कमी पडला तरी 'चालणारं उत्तर दिलं, त्याची मर्यादा स्वतः सांगितली' एवढं मला लिहिता येतं.

त्यानंतर सुधारणा. येण्याच्या वेळा एका यादीत, सुटण्याच्या दुसऱ्या यादीत, दोन्ही सॉर्ट केलेल्या. दोन्ही याद्यांवर एकेक बोट ठेवून जी वेळ आधीची ती घ्यायची: येणारी असेल तर एक वाढवा, सुटणारी असेल तर एक कमी करा, आणि मोजणी कुठे सगळ्यात जास्त होते ते लक्षात ठेवा. इथे मी हमखास विचारते, 'दोन याद्या वेगवेगळ्या सॉर्ट केल्यावर कुठली गाडी कुठली हेच हरवलं. मग चालतं कसं?' पाठांतरवाल्याचा चेहरा इथे पडतो. विचार करणारा म्हणतो, 'आपल्याला किती गाड्या उभ्या आहेत एवढंच हवंय. कोण गेलं याच्याशी देणंघेणं नाही, एक जागा रिकामी झाली एवढं पुरे.' हे वाक्य मी जसंच्या तसं फॉर्ममध्ये उतरवते.

कोड लिहून झाला की 'डन' म्हणून हात वर करू नका. वरच्या चार गाड्या हाताने चालवून दाखवा: ९:०० ला १, ९:२० ला २, आता ९:४० ला दोन्ही याद्यांत तीच वेळ आहे, समजा तोच प्लॅटफॉर्म चालणार नाही असं आपलं ठरलंय, तर येणारी आधी मोजायची, म्हणून ३. मग पहिली सुटली, २. मग १०:०० ला १, १०:०५ ला परत २. उत्तर ३. आणि ठरलं उलट असतं तर कोडमधलं फक्त तुलनेचं चिन्ह बदललं असतं, ते कुठलं तेही बोट ठेवून दाखवा. शिवाय एकही गाडी नसेल तर काय, हे मी विचारण्याआधी तुम्हीच तपासा.

वेळ उरला तर मी प्रश्न वाढवते: आता कुठली गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर लावायची तेही सांग. इथे ओळख हरवून चालत नाही, मग सुटण्याच्या वेळेनुसार मिन-हीप (सगळ्यात लहान नोंद कायम वर ठेवणारी रचना) ठेवावा लागतो. इथपर्यंत पोचला नाहीत म्हणून नापास होत नाही. वाढीव प्रश्न निघाला याचाच अर्थ गाडी रुळावर आहे.

अडकलात तर? गप्प बसू नका. मला तुमच्या डोक्यातलं दिसत नाही, आणि फॉर्ममध्ये '१० मिनिटं शांतता' याखेरीज काही लिहिता येत नाही. 'हॅश मॅपने करून पाहिलं, पण वेळेचा क्रम टिकत नाही, म्हणून सॉर्ट करावं असं वाटतंय' असं तुटक बोललात तरी चालेल. विचार करायला दोन मिनिटं शांतता हवी असेल तर तसं सांगून घ्या, आनंदाने मिळते. आणि मी हिंट दिली की ती घ्या. 'नो नो, आय विल ट्राय माय अप्रोच ओन्ली' म्हणून हट्टाला पेटलेले उमेदवार पाहिलेत. हिंट घेतल्याने मार्क कमी होतात म्हणाल तर होतात थोडे. न घेतल्याने सगळेच जातात.

सराव कसा करायचा

लीटकोडवर (कोडिंगचे प्रश्न सोडवायची साइट) किती सोडवले हा आकडा मला कुणी सांगितला तरी मी तो फॉर्ममध्ये लिहीत नाही. ॲरे आणि हॅश मॅप, टू पॉइंटर्स, स्लायडिंग विंडो, बायनरी सर्च, ट्री आणि ग्राफवरचे बीएफएस-डीएफएस (शोधायच्या दोन पद्धती), हीप आणि थोडंसं डीपी (डायनॅमिक प्रोग्रॅमिंग). नेहमीच्या राउंडला एवढं पुरतं. अवघड डीपीवर महिना घालवण्याआधी बीएफएस डोळे मिटून लिहिता येतं का ते बघा.

नोकरी सांभाळून, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून घरी आल्यावर रात्री दहाला लॅपटॉप उघडायचा, हे फार दिवस टिकत नाही. सकाळी ऑफिसच्या आधीचा एक तास आणि शनिवारची सकाळ, असं धरलं तर तीन महिन्यांत माणूस तयार होतो. एडिटर साधा घ्या, ज्यात नावं आपोआप पूर्ण होत नाहीत. ३५ मिनिटांचा गजर लावा. आणि मोठ्याने बोला. घरचे हसतील, हसू द्या.

मोठ्याने बोलायचं आणखी एक कारण आहे. मराठी माध्यमातून आलेल्यांना कोड येतो, पण विचार करता करता इंग्रजी बोलणं जमत नाही, जीभ अडखळते. माझंही शिक्षण दहावीपर्यंत मराठीतच झालं. इंग्रजी फर्डं असायची गरज नाही, वाक्यं छोटी असायला हवीत. 'फर्स्ट आय विल सॉर्ट. देन आय विल कीप टू पॉइंटर्स.' बस, इतकं साधं चालतं. ॲक्सेंट मारायच्या भानगडीत पडू नका. इंटरव्ह्यू घेणाऱ्याला सर-मॅडम म्हणायचीही गरज नसते, आयटीत सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात.

एआयबद्दल दोन शब्द

दुसऱ्या स्क्रीनवर चॅटजीपीटी उघडून बसलेला माणूस ओळखू येतो. प्रश्न ऐकल्यावर 'हम्म' करत आठ-दहा सेकंद घालवतो, मग डोळे डावीकडून उजवीकडे सरकायला लागतात आणि अचानक पुस्तकी उत्तर येतं. मी तेव्हा काही बोलत नाही. कोडमधली एक ओळ दाखवून 'ही काढली तर काय होईल?' एवढंच विचारते. शंका आलेल्या उमेदवाराचा निकाल बहुधा तिथेच लागतो. म्हणूनच काही कंपन्या शेवटचा राउंड पुन्हा ऑफिसात बोलावून घ्यायला लागल्यात. उलट काही ठिकाणी एआय वापरायची चक्क परवानगी असते आणि तुम्ही त्याने दिलेला कोड तपासता कसा ते पाहतात. कुठली पद्धत आहे ते रिक्रूटरला आधीच विचारा. तयारीसाठी मात्र एआय बिनधास्त वापरा: त्याला इंटरव्ह्यू घ्यायला सांगा, आणि उत्तर सांगू नकोस, फक्त हिंट दे, असं बजावून ठेवा.

सिस्टम डिझाइन

तीन-चार वर्षांच्या पुढे हा राउंड असतोच. 'पेमेंट सिस्टम डिझाइन करा' म्हटलं की बहुतेक जण पहिल्या मिनिटाला लोड बॅलन्सर, काफ्का, कॅसँड्रा आणि शार्डिंगचे (डेटा अनेक मशीनवर वाटण्याचे) चौकोन काढून मोकळे होतात. थांबा. आधी आकडे काढा. दिवसात ८६,४०० सेकंद असतात, सोयीसाठी १ लाख धरा. रोज १ कोटी व्यवहार म्हणजे सेकंदाला साधारण १००, नेमके काढले तर ११६. गर्दीच्या वेळी दहापट धरले तरी हजार-बाराशे. एवढ्याला चांगल्या मशीनवरचा एक पोस्टग्रेस डेटाबेस नीट इंडेक्स लावून पुरू शकतो. 'आत्ता शार्डिंगची गरज वाटत नाही, दहापट वाढलं तर युजर आयडीवर करू' असं म्हणणारा उमेदवार मला चौकोनवाल्यापेक्षा केव्हाही सरस वाटतो.

मग खरा प्रश्न. दुकानात क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला, चकरी फिरतेय, नेट गेलं. ग्राहकाने पुन्हा बटण दाबलं. पैसे दोनदा जाऊ नयेत म्हणून काय कराल? इथे 'आयडेम्पोटन्सी की' (idempotency key) यायला हवी: पहिल्यांदा बटण दाबलं की फोनने एक युनिक आयडी बनवायचा, पुन्हा दाबलं तरी तोच पाठवायचा, सर्व्हरने त्या आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट (तोच आयडी दुसऱ्यांदा नोंदवू न देणारा डेटाबेसचा नियम) ठेवायचा आणि दुसऱ्यांदा तोच आयडी आला की नवा व्यवहार न करता आधीचाच निकाल परत द्यायचा. 'आधी डेटाबेसमध्ये आहे का पाहू, नसेल तर टाकू' असं कुणी म्हणालं की मी विचारते, दोन रिक्वेस्ट एकाच मिलिसेकंदाला आल्या तर? दोघींनाही 'नाही' असंच दिसेल. म्हणून तपासणी कोडवर न सोडता कन्स्ट्रेंटवर सोडायची.

त्याच्या पुढची पायरी थोड्यांनाच सुचते. बँकेकडून उत्तर आलं नाही, टाइमआउट झाला. व्यवहार फेल दाखवायचा का? नाही. टाइमआउट म्हणजे नापास नव्हे, काय झालं ते आपल्याला माहीत नाही एवढाच त्याचा अर्थ. स्टेटस 'पेंडिंग' ठेवायचा, थोड्या थोड्या वेळाने बँकेला विचारत राहायचं, आणि तरीही सुटलेले दुसऱ्या दिवशी बँकेच्या फाइलशी जुळवून घ्यायचे. बाकी चौकोन कमी काढलेत तरी चालतील, हे एवढं समजून सांगितलं तर डिझाइनचा रकाना हिरवा.

तुमचं क्षेत्र पेमेंट्स नसेल तर तुमच्या कामातली अशी एक जागा शोधून ठेवा, जिथे 'मधेच बंद पडलं तर?' हा प्रश्न खरोखर सोडवावा लागला होता.

मॅनेजरचा राउंड

'टीममध्ये कुणाशी मतभेद झाला तेव्हा काय केलंत?' 'एखादी डेडलाइन हुकली का?' असले प्रश्न. आपल्याकडे लहानपणापासून स्वतःच्या तोंडाने स्वतःचं कौतुक करू नये असं शिकवतात, त्यामुळे मराठी मुलं इथे 'आम्ही' मध्ये लपतात. आम्ही मायग्रेशन केलं (डेटा नव्या सिस्टमवर हलवला), आम्ही बग शोधला. मला विचारावं लागतं, त्यात तुझं काय? फॉर्मला उमेदवाराने काय केलं ते हवं असतं, टीमने काय केलं ते चालत नाही. 'टीमने मायग्रेशन केलं, त्यातली जुना-नवा डेटा जुळतो का हे तपासणारी स्क्रिप्ट मी लिहिली, आणि तिच्यामुळे तारखांचा टाइमझोन चुकतोय हे सापडलं.' यात बढाई नाही, श्रेयही चोरलेलं नाही.

असे चार-पाच किस्से लिहून काढा: भांडण, अपयश, अवघड बग, कुणाला तरी शिकवलं तो प्रसंग, नाही म्हणावं लागलं तो प्रसंग. एकेक दोन मिनिटांत संपायला हवा. जुन्या मॅनेजरबद्दल गाऱ्हाणी नकोत, ती खरी असली तरी.

शेवटी 'काही विचारायचंय का?' म्हटलं की 'नो, ऑल गुड' म्हणू नका. प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टम) शेवटचं कधी बंद पडलं होतं आणि मग काय केलंत, असं विचारा. उत्तरावरून टीम कशी आहे ते तुम्हाला कळेल, कंपनीची ऑनलाइन रेटिंग वाचून कळणार नाही इतकं.

नकार आला तर बहुतेक कंपन्यांत सहा महिने ते वर्षभर पुन्हा अर्ज चालत नाही. रिक्रूटरला अभिप्राय जरूर मागा. सविस्तर मिळणार नाही, पण कोडिंगमध्ये गेलं की डिझाइनमध्ये, एवढं बहुतेक जण सांगतात. त्याच कंपनीला वर्षाने पुन्हा अर्ज करायला लाजू नका. आमच्या टीममध्ये दुसऱ्या खेपेला आलेले लोक आहेत.

पगाराचं बोलणं

एचआरने '२४ लाख' म्हटलं की लगेच १२ ने भागू नका. समजा बेसिक निम्मं, म्हणजे १२ लाख. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्क्यांनी १ लाख ४४ हजार, तो सीटीसीतच धरलेला असतो. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, साधारण ५८ हजार, तीही त्यातच. व्हेरिएबल (कामगिरीवर अवलंबून असलेला भाग) १० टक्के असेल तर २ लाख ४० हजार, तो वर्षाअखेर, मिळाला तर. उरले साधारण १९ लाख ५८ हजार, महिन्याला १ लाख ६३ हजार. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १२ हजार जाणार, महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३००, आणि मग इन्कम टॅक्स. म्हणून दोन ऑफरची तुलना सीटीसीवर करू नका. पगाराचा तक्ता मागवून घ्या आणि फिक्स्ड रकमेवर करा. काही कंपन्या पीएफ किमान, म्हणजे महिना १,८०० च धरतात, त्यामुळे हातात जास्त येतं आणि साठतं कमी.

जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागतो, ते कलम वाचा. शेअर्स देत असतील तर सहसा ते चार वर्षांत मिळतात आणि पहिल्या वर्षाआधी सोडलं तर काहीच हातात पडत नाही. शेअर बाजारात लिस्टेड नसलेल्या कंपनीचे ईसॉप (कर्मचाऱ्यांना देऊ केलेले शेअर्स) मी माझ्या हिशेबात शून्य धरते. मिळाले तर दिवाळी.

घासाघीस करताना 'सर, थोडं वाढवा ना' याला काही अर्थ नसतो. 'फिक्स्ड २३ लाख केलंत तर मी आज होकार देते' असं म्हणा. आकडा आणि तारीख दोन्ही आले की एचआरला वर जाऊन मंजुरी मागता येते. हातात दुसरी ऑफर असेल तर सांगा, नसेल तर असल्याचं सोंग आणू नका. ऑफर लेटर दाखवा म्हणतात.

लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, रजिस्ट्रेशन, कुठल्याही नावाने पैसे मागितले तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे. फोन ठेवून द्या.

पेपर टाकल्यावर

ऑफर लेटर ईमेलवर लेखी आल्याशिवाय राजीनामा नाही. तोंडी होकारावर तर अजिबात नाही. ९० दिवसांचा नोटिस पिरियड हा आपल्याकडचा मोठा जाच आहे. बायआउट (उरलेल्या दिवसांचे पैसे भरून सुटणं) चालतो का, लवकर सोडतात का, हे राजीनामा दिल्यावर लगेच मॅनेजरशी बोला आणि जे ठरेल ते ईमेलवर घ्या. नव्या कंपनीला शेवटची तारीख सांगताना दोन आठवडे जास्तीचे धरा. काउंटर ऑफर, म्हणजे थांबावं म्हणून सध्याच्या कंपनीकडून वाढीव पगार, येईल. कामाचा कंटाळा आला म्हणून सोडत असाल तर पगार वाढल्याने कंटाळा जात नाही. पगारासाठीच सोडत असाल तर विचार करायला हरकत नाही.

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनसाठी आधीच्या प्रत्येक कंपनीचं ऑफर लेटर आणि रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन महिन्यांच्या पेस्लिप आणि फॉर्म १६ एका फोल्डरमध्ये ठेवा. ऑफिसच्या मेलवर ठेवू नका, शेवटच्या दिवशी संध्याकाळी तो बंद होतो. अनुभव फुगवून लिहू नका, कारण तुमच्या यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत पीएफ भरणारी प्रत्येक कंपनी तारखेसकट दिसते, आणि तपासणारे तीच पहिली मागतात. तिथे जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख टाकली नसेल तर दोन नोकऱ्या एकदम केल्यासारखं दिसतं. आधी जुन्या एचआरला मेल करा. त्यांनी टाळाटाळ केली तर शेवटचं योगदान जमा झाल्यापासून दोन महिन्यांनी ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर लॉगिन करून 'मार्क एक्झिट' मधून ती तारीख स्वतः टाकता येते. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मात्र चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो.